दुपारी ३ वाजून ३६ मिनिटं

पिट्सबर्ग शहराच्या ओकलंड भागात, विद्यापीठाच्या इमारतींच्या शेजारी, विटांची एक जुनी भिंत उभी आहे. वेलींनी झाकलेली, मागे ना मैदान ना प्रेक्षकांची गॅलरी. तरीही दरवर्षी १३ ऑक्टोबरला दुपारी तिथे माणसं जमतात. कुणी घडीच्या खुर्च्या आणतात, कुणी नातवंडांना घेऊन येतात. एकच्या सुमारास १९६० सालच्या एका सामन्याचं रेडिओ समालोचन लावलं जातं. निकाल सगळ्यांना तोंडपाठ असतो, तरी गडी बाद झाला की हळहळ होते आणि धाव निघाली की टाळ्या पडतात. समालोचन बरोबर अशा वेळी सुरू केलेलं असतं, की शेवटचा फटका बसतो तेव्हा घड्याळात ३ वाजून ३६ मिनिटं झालेली असतात. १९६० साली तो फटका बसला, तोही याच मिनिटाला. १९८५ मध्ये एक चाहता एकटाच टेपरेकॉर्डर घेऊन या भिंतीपाशी बसला आणि त्यातून ही प्रथा पडली.

पिट्सबर्ग पायरेट्स हा अमेरिकेतल्या जुन्या व्यावसायिक बेसबॉल संघांपैकी एक. १८८२ पासून तो खेळतो आहे. एवढ्या काळात त्याने वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं अजिंक्यपद, फक्त पाच वेळा जिंकलं: १९०९, १९२५, १९६०, १९७१ आणि १९७९. न्यूयॉर्क यँकीजच्या खात्यावर अशी २७ विजेतेपदं आहेत. नुसत्या जमाखर्चावर जायचं तर पायरेट्सवर दोन ओळी लिहून थांबावं लागेल. पण बेसबॉल हा आकड्यांचा खेळ असूनही या संघाचे अविस्मरणीय क्षण बहुतेक वेळा आकड्यांच्या विरोधात घडले आहेत. जिथे आकडेवारी एक सांगते आणि लोकांच्या मनात दुसरंच राहतं, अशा जागा या संघाच्या इतिहासात जितक्या सापडतात, तितक्या क्वचितच दुसऱ्या कुठल्या संघाच्या इतिहासात सापडतील.

पहिल्या डावापासूनच

१९०३ साली दोन प्रतिस्पर्धी लीगच्या विजेत्यांमध्ये पहिली वर्ल्ड सीरिज झाली. त्यात पायरेट्सचे मालक बार्नी ड्रेफस यांचा पुढाकार होता. नऊपैकी पाच सामने जिंकणारा विजेता ठरणार होता. पायरेट्सचा गोलंदाज, म्हणजे पिचर, डीकन फिलिप याने पाच सामने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले आणि तीन जिंकून दिले. त्या काळचा सर्वश्रेष्ठ फलंदाज होनस वॅग्नर मात्र चाचपडत राहिला आणि बॉस्टनने ५-३ अशी मालिका घेतली. ड्रेफस यांनी स्वतःच्या वाट्याची रक्कम खेळाडूंत वाटून टाकली. त्यामुळे हरलेल्या प्रत्येक खेळाडूच्या हाती १३१६ डॉलर पडले, तर जिंकलेल्या बॉस्टनच्या खेळाडूला ११८२.

वॅग्नरने सहा वर्षांनी हिशेब चुकता केला. १९०९ मध्ये फोर्ब्स फील्ड हे नवं मैदान उघडलं आणि त्याच वर्षी टाय कॉबच्या डेट्रॉइट संघाला हरवून पायरेट्स पहिल्यांदा जगज्जेते झाले. ओकलंडमधली ती भिंत याच मैदानाच्या कुंपणाची. ५ ऑगस्ट १९२१ रोजी इथल्याच सामन्याचं केडीकेए या रेडिओ केंद्राने प्रक्षेपण केलं. बेसबॉलचा सामना रेडिओवर ऐकू येण्याची ती पहिली वेळ. १९३५ च्या मे महिन्यात बेब रूथने कारकिर्दीतले शेवटचे तीन होम रन (चेंडू थेट कुंपणापलीकडे नेणारे फटके) इथेच एका दिवसात मारले. त्यातला तिसरा उजवीकडच्या गॅलरीच्या छपरावरून बाहेर गेला. आणि एक नवल म्हणजे ६१ वर्षांत या मैदानावर एकाही पिचरला ‘नो-हिटर’ साधला नाही, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, न देता पूर्ण सामना टाकता आला नाही.

बारा डाव निर्दोष, आणि हार

बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की डाव संपतो. म्हणजे पिचरला किमान २७ गडी बाद करायचे असतात. एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवू न देता त्याने हे साधलं, तर तो ‘परफेक्ट गेम’. सव्वाशेहून अधिक वर्षांत आणि दोन लाखांहून जास्त सामन्यांत असे परफेक्ट गेम पंचवीससुद्धा झालेले नाहीत.

२६ मे १९५९ च्या रात्री मिलवॉकीमध्ये पायरेट्सचा डावखुरा पिचर हार्वी हॅडिक्स मैदानात उतरला तेव्हा सर्दी-तापाने बेजार होता. समोर हँक अॅरन आणि एडी मॅथ्यूज यांच्यासारखे फलंदाज. हॅडिक्सने नऊ डावांत सलग २७ गडी बाद केले. कुठल्याही दुसऱ्या रात्री इथे त्याला सहकाऱ्यांनी खांद्यावर घेतलं असतं. पण त्याच्या संघाला हिट्स मिळत होत्या, धाव मात्र होत नव्हती. मिलवॉकीचा लू बर्डेट दर वेळी सुटत होता. सामना ०-० वर पुढे सरकला. दहावा डाव निर्दोष, अकरावा निर्दोष, बारावाही निर्दोष. सलग ३६ गडी. असं आधी कधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही कुणाला जमलेलं नाही.

तेराव्या डावात तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकने सरळ आलेला चेंडू अडवला, पण पहिल्या बेसकडे फेकताना त्याचा नेम चुकला. ३६ गड्यांनंतर पहिला माणूस बेसवर पोहोचला, तो हॅडिक्सच्या चुकीने नव्हे. मॅथ्यूजने स्वतः बाद होऊन त्याला पुढे सरकवलं. अॅरनला मुद्दाम चालत जाऊ दिलं. मग जो अॅडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे टोलवला. आनंदाच्या भरात अॅरन बेसची वाट सोडून बाहेर पडला, अॅडकॉक त्याच्या पुढे गेला आणि नियमाप्रमाणे तो होम रन ठरला नाही, ‘डबल’, म्हणजे दोन बेसचा फटका, ठरला. अंतिम धावसंख्या १-०. हॅडिक्स हरला होता.

पुढे १९९१ मध्ये बेसबॉलच्या अधिकृत समितीने नो-हिटरची व्याख्या कडक केली. सामना संपेपर्यंत एकही हिट गेली नसेल तरच तो मोजायचा, असं ठरलं. हॅडिक्सची ती रात्र अधिकृत यादीतून वगळली गेली. आपण काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे, एवढंच तो म्हणाल्याचं सांगतात. आणि बेसबॉलच्या इतिहासातला सर्वोत्तम सामना कुणी टाकला, हा विषय निघाला की आजही यादीत नसलेल्या याच माणसाचं नाव घ्यावं लागतं.

५५ विरुद्ध २७

दीडच वर्षात हॅडिक्सला त्याचं देणं मिळालं. १९६० च्या वर्ल्ड सीरिजमध्ये पायरेट्ससमोर मिकी मँटल, रॉजर मॅरिस, योगी बेरा असे दिग्गज असलेला यँकीज संघ होता. यँकीजने तीन सामने १६-३, १०-० आणि १२-० असे जिंकले. पायरेट्सनेही तीन जिंकले, पण अगदी थोड्या फरकाने. सातही सामन्यांच्या धावांची बेरीज केली तर यँकीजच्या ५५ आणि पायरेट्सच्या २७. मालिकावीराचा मान यँकीजच्या बॉबी रिचर्डसनला मिळाला. हरलेल्या संघातल्या खेळाडूला तो मिळण्याची ही एकमेव वेळ.

सातवा सामना १३ ऑक्टोबरला फोर्ब्स फील्डवर झाला. आठव्या डावात यँकीज ७-४ ने पुढे होते. पायरेट्सचा एक फलंदाज पहिल्या बेसवर असताना बिल व्हर्डनने जमिनीवरून साधा फटका मारला. दोन गडी एकदम टिपता येतील असाच तो चेंडू. यँकीजचा शॉर्टस्टॉप टोनी क्यूबेक गुडघ्यात वाकून तयार होता. तेवढ्यात चेंडू जमिनीवर कशावर तरी आदळून उसळला आणि थेट त्याच्या गळ्यावर बसला. क्यूबेकला रुग्णालयात न्यावं लागलं. तिथून पायरेट्सचा डाव उघडला. धावा येत गेल्या आणि राखीव कॅचर हॅल स्मिथने तीन धावांचा होम रन मारून संघाला ९-७ अशी आघाडी मिळवून दिली. हॅल स्मिथ शहराचा नायक ठरायला आणखी तीनच गडी बाद व्हायचे होते.

पण नवव्या डावात यँकीजने बरोबरी केली. त्या डावाच्या मध्यातच पायरेट्सने चेंडू हॅडिक्सच्या हाती दिला आणि त्याने सामना ९-९ वर रोखला. पायरेट्सकडून पहिला आला बिल मॅझेरोस्की. त्याची ख्याती फलंदाजीची नव्हती. दुसऱ्या बेसवर आलेला चेंडू हातात टेकतो न टेकतो तोच पहिल्या बेसकडे फिरवणारा क्षेत्ररक्षक म्हणून लोक त्याला ओळखत. यँकीजचा पिचर राल्फ टेरी याचा पहिला चेंडू त्याने सोडला. दुसरा त्याने डाव्या बाजूला उंच मारला. योगी बेरा कुंपणापर्यंत मागे गेला आणि वळून बघत राहिला. मॅझेरोस्की टोपी फिरवत बेस ओलांडू लागला आणि तिसऱ्या बेसपासून पुढे गर्दीतून वाट काढत होम प्लेटवर पोहोचला. १०-९. वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना शेवटच्या फटक्यावर होम रनने संपण्याची ती पहिली वेळ. तसा प्रसंग पुन्हा आलेला नाही.

या सामन्याचं चित्रण कायमचं हरवलं, असंच अनेक वर्षं सगळे धरून चालले होते. त्या काळी टीव्ही कंपन्या अशा फिती जपून ठेवत नसत. गायक-अभिनेता बिंग क्रॉसबी हा पायरेट्सचा एक भागीदार. सामना बघण्याचा ताण सोसणार नाही म्हणून तो पॅरिसला निघून गेला होता. पण जिंकलो तर नंतर बघता यावा म्हणून त्याने टीव्हीवरचं प्रक्षेपण फिल्मवर उतरवून घ्यायची व्यवस्था केली होती. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या त्याच्या घराच्या तळघरात फिल्मच्या पाच रिळांत संपूर्ण सामना सापडला. दारूच्या बाटल्यांसाठी थंड ठेवलेल्या त्या खोलीत फिल्म जराही खराब झाली नव्हती. पन्नास वर्षांनंतर, २०१० च्या अखेरीस, तो पुन्हा टीव्हीवर दाखवला गेला.

नऊ नावं

१ सप्टेंबर १९७१. पायरेट्सच्या तेव्हाच्या थ्री रिव्हर्स स्टेडियम या मैदानावर फिलाडेल्फियाविरुद्ध एक नेहमीचा सामना. व्यवस्थापक डॅनी मर्टॉ यांनी त्या दिवशी लिहिलेल्या यादीतली नऊच्या नऊ नावं अमेरिकन आणि लॅटिन अमेरिकन कृष्णवर्णीय खेळाडूंची होती. रेनी स्टेनेट आणि मॅनी सँगियेन पनामाचे, जॅकी हर्नांडेझ क्यूबाचा, रोबेर्तो क्लेमेंते पोर्तो रिकोचा. जीन क्लाइन्स, विली स्टार्जेल, डेव्ह कॅश, अल ऑलिव्हर आणि पिचर डॉक एलिस हे अमेरिकन कृष्णवर्णीय. मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. दोनेक डाव होऊन गेल्यावर खेळाडूंच्या ते लक्षात आलं. पायरेट्स १०-७ ने जिंकले. मर्टॉ यांनी नंतर सांगितलं की त्या दिवशी हाताशी असलेले सर्वोत्तम नऊ जण त्यांनी उतरवले होते.

या साधेपणाचं मोल कळण्यासाठी याच शहराचा आधीचा इतिहास बघावा लागतो. १९३० आणि ४० च्या दशकांत होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हे कृष्णवर्णीयांच्या लीगमधले दोन बलाढ्य संघ इथे होते. ग्रेज तर फोर्ब्स फील्डवरच खेळत. त्यांचा कॅचर जॉश गिब्सन हा थोर फलंदाज होता, पण त्याच मैदानावर पायरेट्सचा गणवेश घालायची त्याला मुभा नव्हती. जॅकी रॉबिन्सनने ब्रूकलिनमध्ये वर्णभेदाची भिंत पाडली त्याच्या तीन महिने आधी, जानेवारी १९४७ मध्ये, गिब्सन वारला. वयाची पस्तिशी उलटली होती एवढंच. २०२४ मध्ये मेजर लीगने कृष्णवर्णीयांच्या लीगची आकडेवारी अधिकृत धरली, तेव्हा कारकिर्दीच्या सरासरीत गिब्सनचं नाव .३७२ सह टाय कॉबच्या वर, पहिल्या क्रमांकावर आलं. आकड्यांना न्याय द्यायला ७७ वर्षं लागली.

बरोबर तीन हजार

रोबेर्तो क्लेमेंते १९५५ मध्ये पिट्सबर्गला आला तेव्हा वीस वर्षांचा होता. वार्ताहर त्याचं स्पॅनिश वळणाचं इंग्रजी जसंच्या तसं छापून त्याची टर उडवत, समालोचक त्याला परस्पर ‘बॉब’ म्हणत. तो आपलं नाव रोबेर्तो असल्याचं सांगत राहिला. चार वेळा तो लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला आणि उजव्या मैदानातल्या क्षेत्ररक्षणासाठी बारा वेळा गोल्ड ग्लव्ह मिळवला.

१९७१ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये बाल्टिमोरने पहिले दोन सामने घेतले. क्लेमेंतेने सातही सामन्यांत हिट मारली, .४१४ ची सरासरी राखली, सातव्या सामन्यात होम रन मारला आणि पायरेट्स २-१ ने जिंकले. सामन्यानंतर राष्ट्रीय वाहिनीचा माइक समोर आला, तेव्हा इंग्रजीत काही बोलण्याआधी त्याने स्पॅनिशमध्ये आपल्या मुलांना आशीर्वाद दिले आणि आई-वडिलांकडे आशीर्वाद मागितला. अमेरिकेतली लाखो स्पॅनिशभाषक घरं ते ऐकत होती.

पुढच्या हंगामात तो ३००० हिट्सच्या टप्प्यापाशी आला. तोपर्यंत दहाच जणांना तो गाठता आला होता. २९ सप्टेंबर १९७२ रोजी त्याचा एक फटका क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्याला लागून निसटला. फलकावर आधी गोंधळ झाला आणि मग ती क्षेत्ररक्षकाची चूक ठरली, हिट नव्हे. दुसऱ्या दिवशी मेट्स संघाचा पिचर जॉन मॅटलॅक याच्या चेंडूवर त्याने डाव्या-मधल्या भागात डबल मारला. ३०००. मैदानात १३,११७ प्रेक्षक होते. दुसऱ्या बेसवर उभं राहून त्याने टोपी उंचावली.

२३ डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. क्लेमेंतेने पोर्तो रिकोतून मदत गोळा केली. आधी पाठवलेलं सामान तिथले अधिकारी मधल्या मध्ये लाटत आहेत, अशी खबर आली. आपण स्वतः सोबत असलो तर ते गरजूंपर्यंत पोहोचेल, या विचाराने ३१ डिसेंबरच्या रात्री तो मदत घेऊन जाणाऱ्या विमानात बसला. जुनं डीसी-७ विमान, क्षमतेहून जास्त माल. सान हुआनहून उडाल्यावर काही मिनिटांत ते समुद्रात कोसळलं. पाच जण होते. क्लेमेंतेचा मृतदेह मिळाला नाही. त्याचा जिवलग सहकारी सँगियेन प्रार्थनासभेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात शोध घेत होता.

बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड होण्यासाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबण्याचा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवला गेला आणि १९७३ मध्येच त्याची निवड झाली. तो मान मिळालेला तो पहिला लॅटिन अमेरिकन खेळाडू. ३००० हा आकडा कायमचा तिथेच थांबला. आज पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कमध्ये उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, कारण त्याच्या पाठीवर २१ हा क्रमांक होता. २०२५ च्या हंगामाच्या सुरुवातीला त्या भिंतीवरची त्याच्या क्रमांकाची खूण झाकून तिथे मद्याची जाहिरात लावली गेली, तेव्हा त्याच्या मुलाने आणि शहरातल्या लोकांनी आवाज उठवला. क्लबने माफी मागून खूण पुन्हा लावली.

वीस वर्षांचा दुष्काळ

१९७९ मध्ये ३९ वर्षांच्या विली स्टार्जेलने संघ खांद्यावर घेतला. सगळे त्याला ‘पॉप्स’ म्हणत. चांगला खेळ करणाऱ्या सहकाऱ्याच्या टोपीवर तो कापडी तारा लावून देई आणि लाखोंची कमाई असलेले खेळाडू त्या ताऱ्यासाठी धडपडत. वर्ल्ड सीरिजमध्ये बाल्टिमोरविरुद्ध १-३ ने मागे पडलेल्या संघाने सलग तीन सामने जिंकले. निर्णायक सामन्यातला होम रन पॉप्सचाच. त्याच सुमारास शहरातल्या पोलादाच्या भट्ट्या विझायला लागल्या होत्या. पुढच्या काही वर्षांत हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि घरंच्या घरं शहर सोडून गेली. पायरेट्सची टोपी घातलेले आजी-आजोबा आज अमेरिकेच्या कुठल्याही कोपऱ्यात भेटतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

१४ ऑक्टोबर १९९२. अटलांटामध्ये लीगच्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्याचा नववा डाव, पायरेट्स २-० ने पुढे. वर्ल्ड सीरिज तीन गड्यांवर आली होती. अटलांटाने एक धाव केली, बेस भरले, आणि क्वचितच खेळायला मिळणाऱ्या फ्रान्सिस्को कॅब्रेराने डावीकडे फटका मारला. पायरेट्सच्या बॅरी बाँड्सने चेंडू होम प्लेटकडे फेकला. गुडघ्याच्या दुखण्यामुळे संथ झालेला सिड ब्रीम, जो पूर्वी पायरेट्सकडूनच खेळत असे, घसरत चेंडूच्या किंचित आधी तिथे पोहोचला. ३-२. बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि १९९३ पासून २०१२ पर्यंत, सलग वीस हंगाम, पायरेट्सने जिंकण्यापेक्षा जास्त सामने गमावले. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढा सलग पराभवाचा काळ दुसऱ्या कुठल्याच संघाने पाहिला नव्हता.

याच वर्षांत एक अनपेक्षित धागा भारतापर्यंत आला. २००८ मध्ये भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ ही चेंडू फेकण्याची स्पर्धा झाली. ३७ हजारांहून अधिक तरुण उतरले. ताशी ८७ मैल, म्हणजे सुमारे १४० किलोमीटर वेगाने चेंडू फेकून उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू रिंकू सिंह जिंकला. त्याच्या जोडीला दिनेश पटेल, तोही भालाफेकपटू. तोवर दोघांनी बेसबॉल कधी खेळलाच नव्हता. लॉस एंजेलिसमध्ये काही महिने प्रशिक्षण झालं आणि नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांच्याशी करार केला तो पायरेट्सने. २००९ च्या उन्हाळ्यात फ्लॉरिडातल्या ब्रेडन्टन इथे संघाच्या प्राथमिक लीगमध्ये दोघं खेळले आणि अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा सामना जिंकणारा रिंकू हा पहिला भारतीय नागरिक ठरला. दोघांनाही मेजर लीगपर्यंत मजल मारता आली नाही. दिनेश परत आला. रिंकू दुखापतींशी झुंजला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. २०१४ मध्ये त्यांच्यावर हॉलिवूडचा चित्रपट आला.

दुष्काळ संपला तो १ ऑक्टोबर २०१३ ला. २१ वर्षांनी पिट्सबर्गमध्ये बाद फेरीचा सामना, पीएनसी पार्कवर. चाळीस हजारांवर लोक, बहुतेक काळ्या कपड्यांत. समोर सिनसिनाटीचा अव्वल पिचर जॉनी क्वेटो. प्रेक्षक त्याचं आडनाव लांबवून सुरात म्हणू लागले, ‘क्वे... टो... क्वे... टो...’ क्वेटो चेंडू हातात घोळवत होता आणि तो त्याच्या हातून निसटून जमिनीवर पडला. स्टेडियम दणाणलं. पुढचाच चेंडू रसेल मार्टिनने होम रनसाठी गॅलरीत भिरकावला. पायरेट्स ६-२ ने जिंकले. वयाच्या विशीतल्या चाहत्यांनी आपला संघ असा जिंकताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

आता या संघाकडे पॉल स्कीन्स आहे. मे २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये आला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. २०२५ च्या हंगामात नऊ डावांमागे त्याने सरासरी १.९७ धावा दिल्या. लीगच्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. पायरेट्स मात्र आपल्या गटात तळाला राहिले आणि त्याचे स्वतःचे जय-पराजय १०-१० असे लागले. तो टाकत असताना संघाला धावाच होत नव्हत्या.